हिमनदीच्या पायथ्याचं गाव: व्हॅल्डीझला जाण्याआधी



थंडी सरायला लागली की आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. त्यात दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "यंदा अलास्का करू या का?" मग दोन-तीन कुटुंबं एकत्र येतात, सुट्ट्या जुळवल्या जातात आणि बहुतेक वेळा क्रूझचं तिकीट काढून मोकळं व्हायचं असं ठरतं. त्यात काही वाईट नाही. पण ज्यांना स्वतः गाडी चालवत, रमतगमत, समुद्रकाठच्या एखाद्या लांबच्या गावी जाऊन हिमनद्या पाहायच्या आहेत, त्यांच्यासाठी आज एका गावाची गोष्ट सांगणार आहे. हॉटेलं कुठली घ्यावीत ते सगळीकडे वाचायला मिळतं. मी सांगणार आहे त्या गावाचा इतिहास, कारण तो माहीत असला तर तिथे काय पाहायचं हे ठरवणं सोपं जातं, आणि जे दिसतं त्याचा अर्थही लागतो.

गावाचं नाव व्हॅल्डीझ. स्पेलिंग पाहून आपण 'वाल्देझ' म्हणायला जातो आणि मूळ स्पॅनिश उच्चार त्याच्याच जवळचा आहे. पण तिथले लोक शेवटच्या 'डीझ'वर जोर देऊन व्हॅल्डीझ म्हणतात, तेव्हा आपणही तसंच म्हणू या. अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रिन्स विल्यम साउंड नावाचा बेटांनी आणि खाड्यांनी भरलेला समुद्राचा भाग आहे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात डोंगरांमध्ये खोल घुसलेली एक अरुंद खाडी आहे आणि तिच्या काठावर हे गाव. मागे चुगॅच पर्वताची रांग. वस्ती जेमतेम चार हजार. अँकरेजहून गाडीने सुमारे ३०० मैल, आणि गावात येणारा रस्ता एकच. इतक्या उत्तरेला असूनही इथलं बंदर हिवाळ्यात गोठत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

या गावाला हिमनद्यांनी वेढलेलं आहे असं पर्यटनाच्या प्रत्येक पत्रकात लिहिलेलं असतं, आणि ते खरंच आहे. पत्रकात नसतं ते असं, की हिमनदी इथे नुसती पाहण्याची वस्तू कधीच नव्हती. गाव वसलं ते हिमनदीमुळे, बुडालं ते हिमनदीने आणलेल्या गाळामुळे, आणि जगभर त्याचं नाव झालं तेही हिमनदीतून सुटलेल्या बर्फामुळे. आपण ही गोष्ट त्याच क्रमाने पाहू.

सुरुवात मात्र गावाच्या आधीपासून करायला हवी. या किनाऱ्यावर हजारो वर्षांपासून चुगॅच सुगपियाक लोक राहत आले आहेत. सील, मासे, शिंपले यांवर जगणारे, कातड्याच्या होड्या चालवण्यात तरबेज असे हे दर्यावर्दी लोक. पर्वतापलीकडे, कॉपर नदीच्या खोऱ्यात, आत्ना लोकांचा मुलूख. १७९० साली साल्वादोर फिदाल्गो हा स्पॅनिश नौदल अधिकारी इथे आला आणि त्याने खाडीला स्पेनचे तेव्हाचे नौदलमंत्री आंतोनियो वाल्देस यांचं नाव दिलं. वाल्देसनी ही खाडी कधी पाहिली नाही. स्पेनचं राज्यही इथे कधी आलं नाही. नाव तेवढं राहिलं.

त्यानंतर शंभर वर्षं या खाडीच्या टोकाला शहर म्हणावं असं काही नव्हतं. मग आलं सोनं.

१८९६च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या हद्दीत, क्लॉन्डाइक नदीच्या परिसरात सोनं सापडलं. पुढच्या वर्षी, जुलै १८९७मध्ये, सोनं घेऊन आलेली माणसं आगबोटीने सिॲटलला उतरली आणि अमेरिकेला वेड लागलं. तेव्हा मंदीचे दिवस होते, हजारो लोकांच्या हाताला काम नव्हतं. क्लॉन्डाइकला जायचे मुख्य मार्ग स्कॅग्वे आणि डायी या गावांवरून खिंडी ओलांडून कॅनडात शिरत. तिथे कॅनडाचे पोलीस उभे. प्रत्येकाजवळ वर्षभराचा शिधा आहे की नाही ते बघत, आणि अमेरिकेत घेतलेल्या मालावर जकात वसूल करत. लोकांना हे नको होतं.

ही नाराजी आगबोट कंपन्यांनी आणि जाहिरातदारांनी बरोबर हेरली. त्यांनी 'संपूर्ण अमेरिकन मार्ग' विकायला काढला. व्हॅल्डीझच्या खाडीत उतरा, समोरची हिमनदी चढून पलीकडे जा, कॉपर नदीच्या खोऱ्यातही सोनं आहे, आणि कॅनडाची कटकट नाही. तिथे मळलेली वाट आहे, असंही सांगितलं गेलं.

वाट नव्हती. १८९७-९८च्या हिवाळ्यात आणि वसंतात सुमारे चार हजार माणसं त्या किनाऱ्यावर उतरली. समोर बर्फाची भिंत. व्हॅल्डीझ हिमनदी साधारण वीस मैल लांब, तिचा माथा पाच हजार फुटांच्या आसपास. कारकून, शेतकरी, दुकानदार अशी ही माणसं, त्यांतल्या बहुतेकांनी हिमनदी उभ्या आयुष्यात पाहिलेली नव्हती. प्रत्येकाजवळ पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, शेंगांचे दाणे, हत्यारं, तंबू असं शेकडो किलोंचं सामान. ते एका फेरीत जात नसे. थोडं न्यायचं, बर्फावर ठेवायचं, परत यायचं, पुन्हा न्यायचं. म्हणजे वीस मैलांची वाट एकेका माणसाने कित्येकदा तुडवली. दिवसा ऊन पडलं की बर्फ भुसभुशीत व्हायचा, भेगांवरचे बर्फाचे पूल ढासळायचे, म्हणून रात्री चालायचं. बर्फावरून परतणाऱ्या उजेडाने डोळे सुजून तात्पुरती दृष्टी जायची. कुणी भेगांत पडलं, कुणी हिमलोटाखाली गाडलं गेलं.

पलीकडे उतरलेल्यांचे हालही संपले नाहीत. तिथून क्लुटिना नदीने खाली जायचं होतं. घाईघाईत लाकडं कापून बांधलेल्या होड्या तिच्या खळाळात फुटल्या, आणि वर्षभराचा शिधा डोळ्यांदेखत वाहून गेला. सोनं फारसं कुणाला मिळालं नाही. शरद ऋतू येईपर्यंत बहुतेक जण ज्या हिमनदीवरून आले तिच्यावरूनच परत फिरले. जे मागे राहिले त्यांना त्या हिवाळ्यात ताजं अन्न नसल्यामुळे स्कर्व्हीने गाठलं. हिरड्यांतून रक्त, सुजलेले पाय, मग मृत्यू.

१८९९च्या वसंतात अमेरिकी लष्कराचा कॅप्टन विल्यम ॲबरक्रॉम्बी पुन्हा व्हॅल्डीझला पोचला, तेव्हा लहान लहान खोपटांत दाटीवाटीने पडलेली, हिमदंशाने आणि स्कर्व्हीने खंगलेली माणसं त्याला दिसली. अनेकांचं मन थाऱ्यावर नव्हतं. हिमनदीत एक राक्षस राहतो आणि तो माणसांना ओढून नेतो असं काही जण त्याला सांगत होते. त्याने ते अहवालात नोंदवून ठेवलं आहे. आपण घरात बसून हे ऐकताना हसू नये. ज्या माणसाने महिनोन् महिने त्या बर्फावर ओझी वाहिली आणि बरोबरच्यांना नाहीसं होताना पाहिलं, त्याला बर्फात कुणीतरी आहे असं वाटणं समजण्यासारखं आहे.

ॲबरक्रॉम्बीने एक शहाणपणाची गोष्ट केली. हिमनदी टाळून लोव नदीच्या काठाने, कीस्टोन घळीतून आणि थॉम्सन खिंडीतून जाणारी वाट काढायला त्याने घेतली. त्या कामावर याच अडकलेल्या, खिसा रिकामा झालेल्या माणसांना मजुरीवर लावलं. जाहिरातीत असलेली वाट अशी एक वर्ष उशिरा, फसलेल्यांच्याच हातून, दुसऱ्याच जागी तयार झाली. तिचाच पुढे रिचर्ड्सन हायवे झाला. आज तुम्ही व्हॅल्डीझला ज्या रस्त्याने गाडी घेऊन येता, तो हाच.

आता या सगळ्यातून एक गोष्ट मागे उरली, आणि तीच पुढे जिवावर बेतली. सोनं शोधायला आलेले लोक जिथे उतरले तिथेच तंबू पडले. हिमनदीकडे जायला सोयीची म्हणून खाडीच्या टोकाची सपाट जागा. तंबूंची दुकानं झाली, दुकानांचे रस्ते झाले, धक्का बांधला, आणि गाव वसलं. जागा निवडली अशी कुणी नव्हतीच.

ती जागा सपाट का होती? कारण ती हिमनदीने बनवलेली होती. हिमनदी डोंगर घासत खाली येते, खडकाचं पीठ करते. वितळलेलं पाणी ते पीठ, वाळू आणि गोटे घेऊन समुद्राकडे धावतं आणि खाडीच्या तोंडाशी टाकून देतं. हजारो वर्षांत त्याचा त्रिभुज प्रदेश तयार होतो. वरून सपाट, बांधायला सोपा. खाली शेकडो फूट सैल, पाण्याने भरलेला गाळ, आणि समुद्राच्या बाजूला तीव्र उतार. हिमनदीचे ओढे अधूनमधून गावात घुसत, म्हणून लोकांनी बांध घातले. पाणी बाहेरून येतं तेवढं थोपवता आलं. जमिनीतल्या पाण्याचं कुणी काय करणार?

पुढची साठेक वर्षं गावाने चांगले-वाईट दिवस पाहिले. समोरच्या काठावर १९००मध्ये लिस्कम नावाचा लष्करी तळ आला आणि वीसेक वर्षांनी गेला. तांब्याच्या खाणींसाठी रेल्वे व्हॅल्डीझहून जाईल अशी आशा होती. १९०७मध्ये दोन रेल्वे कंपन्यांच्या माणसांत कीस्टोन घळीत गोळीबारही झाला. शेवटी रेल्वे गेली शेजारच्या कॉर्डोव्हाहून. हाताने खोदायला घेतलेला आणि अर्धवट सोडलेला बोगदा अजूनही रस्त्यालगत दिसतो. गाडी थांबवून जरूर पाहा.

आता १९६४. २७ मार्च, गुड फ्रायडे. संध्याकाळचे साडेपाच वाजून गेलेले. धक्क्याला 'चेना' नावाचं चारशे फुटांवर लांबीचं मालवाहू जहाज लागलेलं. लहान गावात जहाज येणं हाच एक सोहळा. माल उतरवणारी माणसं होती, बघायला आलेले होते, आणि मुलं होती, कारण जहाजावरचे खलाशी मुलांसाठी फळं आणि गोळ्या टाकत असत.

५ वाजून ३६ मिनिटांनी जमीन हलू लागली. ९.२ तीव्रतेचा भूकंप. यंत्रांनी मोजलेल्या भूकंपांत याहून मोठा एकच आहे, १९६० सालचा चिलीमधला. हादरे चार मिनिटांहून अधिक वेळ चालले. आपण समुद्रकाठच्या ओल्या वाळूत एकाच जागी पाय आपटत राहिलो तर पाणी वर येतं आणि वाळू पातळ होते, हे सगळ्यांनी लहानपणी केलेलं आहे. तेच इथे झालं. गाळाचे कण एकमेकांना सोडून गेले, जमीन द्रवासारखी वागू लागली, आणि सुमारे चार हजार फूट लांब व सहाशे फूट रुंद असा किनाऱ्याचा पट्टा धक्क्यासकट समुद्रात घसरला. घसरलेल्या मातीने पाणी उसळलं. 'चेना' वर उचललं गेलं, कललं, जिथे क्षणापूर्वी धक्का होता तिथे आपटलं आणि तरीही खुल्या पाण्यात निघालं. जहाजावरच्या एकाने हातातल्या कॅमेऱ्याने त्याचं चित्रीकरण केलं होतं. धक्क्यावर उभं असलेलं कुणी वाचलं नाही. त्या संध्याकाळी व्हॅल्डीझने तीसहून अधिक माणसं गमावली. जेमतेम हजार वस्तीचं गाव. घरटी कुणी ना कुणी ओळखीचं गेलेलं. वरून तेलाच्या टाक्या पेटल्या, आणि रात्रभर लाटा गावात येत राहिल्या.

तेव्हा अलास्काचे गव्हर्नर होते विल्यम ईगन. राज्य झाल्यानंतरचे पहिले गव्हर्नर, आणि जन्म व्हॅल्डीझचाच. त्यांचंच गाव होतं ते.

त्याच रात्री साउंडमधल्या चेनेगा बेटावर काय झालं तेही सांगायला हवं, कारण पर्यटकांच्या नकाशावर ते नसतं. चेनेगा हे चुगॅच लोकांचं जुनं गाव. त्सुनामीने तिथली घरं धुऊन नेली. जवळजवळ एक तृतीयांश माणसं दगावली. उरलेल्यांपैकी अनेक जण टॅटिटलेक या दुसऱ्या चुगॅच गावात गेले. स्वतःचं गाव पुन्हा उभं करायला त्यांना वीस वर्षं लागली. १९८४मध्ये एव्हान्स बेटावर नवं चेनेगा वसलं.

इकडे इंजिनियर आणि भूगर्भशास्त्रज्ञांनी व्हॅल्डीझची पाहणी केली आणि निष्कर्ष काढला की ही जागा राहण्याजोगी नाही. पुन्हा भूकंप आला तर पुन्हा हेच होईल. मग अख्खं गाव चार मैल पश्चिमेला, पक्क्या जमिनीवर हलवायचं ठरलं. पन्नासहून अधिक इमारती उचलून ट्रकवरून नव्या जागी नेल्या, उरलेलं पाडलं. १९६७पर्यंत जुनं गाव रिकामं झालं. जागा न निवडता वसलेल्या गावाने सत्तर वर्षांनी जागा निवडली.

आपल्यापैकी ज्यांनी धरणाखाली गेलेली गावं पाहिली किंवा ऐकली आहेत, त्यांना ठाऊक आहे की गाव हलवणं म्हणजे घरं हलवणं नव्हे. शेजार बदलतो, वाटा बदलतात, ओसरीवर बसल्यावर समोर दिसतं ते बदलतं. व्हॅल्डीझच्या संग्रहालयात जुन्या गावाची एकास वीस प्रमाणातली प्रतिकृती जपलेली आहे. घरन् घर, दुकानन् दुकान. सांगायला गाव उरलं नाही तेव्हा लोकांनी ते लाकडाचं करून ठेवलं.

यानंतर दहाच वर्षांत नशीब पालटलं. १९६८मध्ये अलास्काच्या उत्तर टोकाला, प्रुडो उपसागरापाशी, तेल सापडलं. तिथला समुद्र वर्षातला बराच काळ गोठलेला. मग ते तेल आठशे मैल दक्षिणेला न गोठणाऱ्या बंदरात आणायचं आणि तिथून जहाजाने न्यायचं असं ठरलं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट ती हीच. बंदर होतं व्हॅल्डीझ. १९७७च्या उन्हाळ्यात तेल पोचलं. पाइपलाइनचं टर्मिनल खाडीच्या समोरच्या काठावर, जुन्या लिस्कम तळाच्या जागी, खडकावर बांधलं. जमिनीचा धडा लोक शिकले होते.

बर्फाचा धडा मात्र राहिला होता. खाडीतून निघालेल्या प्रत्येक तेलवाहू जहाजाला कोलंबिया हिमनदीच्या जवळून जावं लागतं. ही हिमनदी थेट समुद्रात उतरते. तिचं टोक पाण्याखालच्या एका उंचवट्यावर, तिनेच आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधावर, टेकलेलं होतं. त्या बांधाने तिला दीर्घकाळ धरून ठेवलं होतं. १९७०च्या दशकात सरकारी भूगर्भखात्याच्या शास्त्रज्ञांनी इशारा दिला, की हिचं टोक एकदा बांधावरून मागे सरकून खोल पाण्यात गेलं की ती वेगाने तुटू लागेल आणि हिमनग जहाजांच्या वाटेवर येतील. १९८०च्या सुमारास तसंच सुरू झालं.

२३ मार्च १९८९. रात्री नऊनंतर 'एक्सॉन व्हॅल्डीझ' हे तेलवाहू जहाज सुमारे ५ कोटी ३० लाख गॅलन तेल घेऊन निघालं. वाटेत कोलंबियाचा बर्फ तरंगत होता. तो टाळायला जहाजाने ठरलेली वाट सोडली. पुन्हा वाटेवर कधी वळायचं हे सांगून कप्तान खाली गेला. वळण उशिरा घेतलं गेलं. मध्यरात्र उलटून चार मिनिटं झाली होती तेव्हा जहाज ब्लाय रीफच्या खडकांवर चढलं. २४ मार्च, तोही गुड फ्रायडे. भूकंपाला पंचवीस वर्षं होत होती.

१ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात गेलं. पहिले तीन दिवस समुद्र शांत होता, पण तेल अडवायची साधनं पुरेशी आणि वेळेवर आली नाहीत. मग वादळ आलं आणि तेल पसरलं. सुमारे १,३०० मैलांचा किनारा माखला. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी आणि २,८०० सागरी ऊदमांजरं मेली. एव्हान्स बेटावर पाच वर्षांपूर्वी नव्याने उभं राहिलेल्या चेनेगाच्या किनाऱ्यालाही तेल लागलं. एकाच पिढीने लाटही पाहिली आणि तेलही. साउंडमधली हेरिंग मासळी काही वर्षांत कोसळली आणि पूर्वीसारखी आजही आलेली नाही. मच्छीमारांच्या बाजूने ज्यूरीने १९९४मध्ये ५ अब्ज डॉलरचा दंड ठोठावला. तो अपिलांत घटत घटत २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे ५० कोटींवर आला. तोवर कितीतरी दावेदार हे जग सोडून गेले होते.

त्यातून काही चांगलंही निघालं. १९९०च्या कायद्याने तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच सक्तीचं केलं. आज व्हॅल्डीझहून भरलेलं तेलवाहू जहाज निघतं तेव्हा त्याच्यासोबत दोन टग बोटी असतात. बोटीतून फिरताना असं जहाज दिसलं तर त्या टग कशासाठी आहेत ते मुलांना जरूर सांगा.

आता बेताकडे वळू. जायचा काळ मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ऑगस्टपासून पाऊस वाढतो, रेनकोट हवाच. हिवाळ्यात सहसा जाऊ नका. गावात वर्षाला पंचवीस फुटांच्या आसपास बर्फ पडतो, आणि जानेवारी २०१४मध्ये कीस्टोन घळीत असा हिमलोट कोसळला की नदी अडून तळं झालं आणि एकमेव रस्ता दीड आठवड्याहून अधिक काळ बंद राहिला. अँकरेजहून गाडीने सहा तास धरा. परतीला व्हिटियरपर्यंत फेरीबोट मिळते का ते आधी पाहून ठेवा, गाडीसकट जाता येतं. गाव लहान आहे, शाकाहारी मंडळींनी मेतकूट-भात आणि चिवड्याची सोय बरोबर ठेवलेली बरी.

किमान तीन रात्री राहा. जाताना थॉम्सन खिंडीच्या अलीकडे वर्दिंग्टन हिमनदी रस्त्यावरूनच दिसते, वयस्कर आईवडील बरोबर असतील तर त्यांनाही ती सहज पाहता येते. पुढे घळीत धबधबे आणि तो अर्धवट बोगदा. एक पूर्ण दिवस कोलंबिया हिमनदीच्या बोटीला द्या. १९८०पासून ती वीस किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे, त्यामुळे बोट जिथून जाते तिथे एकेकाळी बर्फ होता. त्या जुन्या बांधापाशी अडकून पडलेले मोठे हिमनग पाहायला मिळतात. हीच ती जागा, हाच तो बर्फ.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅल्डीझ हिमनदीकडे जा. जिथे १८९८मध्ये माणसं स्लेज ओढत चढली, तिथे आता हिमनदीच्या तोंडाशी मोठं तळं आहे. लोक त्यात कयाक चालवतात. आणि दुपारी, गावातली प्रतिकृती पाहून झाली की, जुन्या गावाच्या जागी जा. तिथे बघण्यासारखं काही नाही. झुडपं वाढली आहेत, काही पाये दिसतात, मृतांचं स्मारक आहे, पलीकडे समुद्र. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत.

तुम्ही थांबा. आपण प्रवास ठरवतो तेव्हा सुंदर फोटो पाहून ठरवतो, तसं करण्यात काही चूक नाही. पण या गावात सव्वाशे वर्षांपूर्वी पहिले पाहुणे आले तेही एका पत्रकावर विसंबूनच. जमीन कशाची आहे आणि बर्फ कसा वागतो, हे त्या पत्रकात नव्हतं. ज्यांना हे ठाऊक असण्याची शक्यता होती, त्या इथल्या मूळ लोकांना कुणी विचारलं नाही. तेव्हा व्हॅल्डीझला जाल तेव्हा हिमनदीसमोर फोटो जरूर काढा, आणि मग पाच मिनिटं त्या मोकळ्या जागेत उभं राहून मुलांना सांगा, की इथे एक गाव होतं आणि ते इथे का नाही.

आजच्या कार्यक्रमात इतकंच. बेत ठरला तर आम्हाला जरूर कळवा.